उम्म हायलचं फोल्डर

नौफा माझी धाकटी बहीण. तिला जाऊन चाळीस दिवस झाले. आमच्या मंडळाची रुबा म्हणाली, "खाला, तिच्यावर चार ओळी लिहा, आपल्या कागदांत ठेवू." मी पाचवीत शाळा सोडलेली. बोलते तसंच लिहितेय, एका बोटानं. चुकलं तर चुकलं.

खरं सांगते, मी तिच्यावर जळायचे. आज नाही, लहानपणापासून. मी थोरली म्हणून मेंढ्यांमागं, ती धाकटी म्हणून शाळेत. तिचं लग्न झालं, हायल झाला. माझं पण लग्न झालं, पण पोर नाही झालं. आमच्या करक गावात बाई आई झाली की तिचं स्वतःचं नाव मागं पडतं, पोराच्या नावानं हाक येते. नौफाची झाली उम्म हायल, हायलची आई. मी फिद्दा ती फिद्दाच राहिले. रोटीवाला तिला म्हणायचा, "या उम्म हायल, बसा." आणि मला, "काय गं फिद्दा, किती देऊ?"

हायल दोन वर्षांचा असताना तिचा नवरा वारला. ती अम्मानला शिवणाच्या कारखान्यात गेली, पोर माझ्याकडं. पाच वर्षं. मला तो "युम्मा, युम्मा" म्हणजे आई, आई करायचा. मग ती परत आली आणि तिसऱ्या दिवशी पोर तिच्या मांडीवर. त्या दिवशी मी पखालीत ताक असं घुसळलं की शिवण उसवली.

पुढं आम्ही बायकांनी मंडळ काढलं, जमीदचं. मेंढीचं ताक फडक्यात बांधायचं, मीठ मळायचं, गोळे गच्चीवर वाळवायचे. हे काम माझं. नौफाच्या हातचे गोळे तडकायचे, सगळ्यांना माहीत. पण मंडळात कॉम्प्युटर आला आणि ती त्याच्यासमोर जाऊन बसली. एकतीस बायकांचे कागद एका ठिकाणी चढवायचे, म्हणजे कुणीही आपल्या फोनवर उघडून बघावेत. ओळखपत्र, अर्ज, फोटो, आणि जिची तिची जमीदची कृती. चष्म्याला दोरा बांधलेला, कागदावर फुंकर मारायची, फोटो काढायची, तिरका आला की परत काढायची.

रुबानं आधी सगळी फोल्डरं ओळखपत्रावरच्या नावानं केली होती. कुणालाच आपलं सापडेना. उम्म जलाल ओरडली, "ही वद्हा कोण आमच्यात घुसली?"

रुबा म्हणाली, "खाला, वद्हा तुम्हीच."

"अगोबाई, मीच की!"

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मग नौफानं सगळं बदलून उम्म अमकी, उम्म तमकी केलं. बायका तिच्यावर खूश. दिवसभर "उम्म हायल, माझा कागद चढवलास का? उम्म हायल, तुझे हात सोन्याचे." सोन्याचे म्हणे. कोपरापर्यंत ताकात हात माझे.

मग अम्मानच्या प्रदर्शनासाठी एकच कृती निवडली, छापली. दोनदा मीठ लावायची. ती माझी, कुणी शिकवलेली नाही. आणि वर छापलेलं काय? 'उम्म हायलची कृती.'

मी तो कागद तिच्यासमोर आपटला. "ढापलीस ना?"

"फोल्डर उघडून बघ तरी."

"मला तुझ्या काचेत बघायचंच नाही."

"अगं, मेंढीसारखी अडून काय बसतेस? फोन दे इकडं."

"पोर घेतलंस, आता हातातलं पण घे."

तिथून सात महिने आम्ही बोललो नाही. तिनं तीनदा फोनवर ते फोल्डर पाठवलं. मी दाबलंच नाही. आणि एका सकाळी ती भाजी निवडता निवडता आडवी झाली. शेवटचं न्हाऊ मीच घातलं तिला. बोलले नाही ते नाहीच.

काल मंडळात गेले. रडायला नाही, माझी कृती परत घ्यायला. रुबाला म्हणलं, "त्यावर माझं नाव घाल." तिनं यादी उघडली. सगळी बघितली. फिद्दा कुठंच नाही.

"बघ," म्हणलं, "मला घेतलंसुद्धा नाही तिनं."

"खाला, थांबा जरा." रुबानं 'उम्म हायल' उघडलं.

आत माझं ओळखपत्र. माझा अर्ज. माझा फोटो, हात भरलेले, केस फडक्यातून सुटलेले. आणि कृती, माझ्याच शब्दांत टाइप केलेली. दुसरं मीठ दुपारी, घाई करू नये. मी कधी बोलले होते आणि ही कधी ऐकत होती?

"मग तिचे कागद?"

रुबानं खाली सरकवलं. एका फोल्डरवर लिहिलं होतं 'हायलची खाला'. मावशी म्हणजे मी, तिथं ती स्वतः जाऊन बसलेली. त्यात नौफाचं ओळखपत्र.

"मी सांगितलं होतं त्यांना, उलटं झालंय," रुबा म्हणाली. "म्हणाल्या, बरोबर आहे, हात लावू नकोस."

तारीख बघायला लावली. दोन वर्षांपूर्वीची. आमच्या भांडणाच्या कितीतरी आधीची.

आता यात पण तीच मोठी ठरली. मी सात महिने रुसून बसले आणि ही दोन वर्षांपूर्वीच देऊन मोकळी. मेल्यावरसुद्धा जळवते. नौफे, तोंडानं सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती का?

आज हे लिहून नेलं तेव्हा रुबानं विचारलं, नावं सरळ करू का. म्हणलं, राहू दे तशीच. हे लिहिलेलं 'हायलची खाला'मध्येच टाक. नको, बटण मीच दाबते.

दाबणार होते, तेवढ्यात आतून सगळं ऐकत बसलेल्या उम्म जलालनं मला हाक मारली, "उम्म हायल, चहा निवतोय गं!"

नौफा आली वाटून मी दाराकडं वळून बघितलं.