गल्लीतला गतिरोधक

ट्रॅकवर पळवायची म्हणून मी माझी स्पोर्ट्‌स कार दोन इंच खाली घेतली, मागची सीटही काढली. घरातला पहिला पदवीधर मी. ही हौस स्वतःच्या कमाईची आहे, हे सांगायला लाजत नाही. आज वडिलांना, आबांना, पहिल्यांदा फिरवायला काढलं आणि गल्लीतल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. मागे हॉर्न सुरू झाले.

"म्हशीवानी बसली की रं," म्हणत आबा उतरले. गाडी अलगद सुटली.

वजन कमी केलं की गाडी पळते, एवढं मला ठाऊक होतं. ते वजन आबांचं असेल, हे ध्यानात आलं नव्हतं.

"तू हो म्होरं, मी येतो चालत," ते म्हणाले. मला कॉलेजला धाडतानाही हेच म्हणाले होते.

पुढे आणखी तीन गतिरोधक होते, आणि गाडी वळवायला जागा नव्हती.