विषाचा बाण लागला की

आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकीट देणारे ते गृहस्थ पन्नाशीचे, पण बोट येईपर्यंत मोबाइलवर लढाईचा गेम खेळायचे. मी पलीकडे दिघीला शाळेत शिकवतो, त्यामुळे रोजची भेट. मी खिडकीशी पोचायच्या आत त्यांनी माझं तिकीट फाडलेलं असायचं आणि मोबाइल माझ्याकडे वळवलेला.

"गुरुजी, तलवारीचा वार चिलखत अडवतं. आगीतनं पळता येतं. विषाचा बाण लागला तर काय कळतच न्हाय. मारणारा जातो निघून, आन् लाइफची पट्टी हळूहळू उतरत ऱ्हाते. उतारा लगेच घेतला तरच वाचतो."

एकदा बोटीला फार उशीर झाला. लोक वैतागलेले. मी मोठ्याने म्हणालो, "यांचा गेम संपला की येईल बोट." सगळे हसले. तेही हसले. बोटीत बसल्यावर मला माझीच लाज वाटली. उद्या माफी मागू म्हणता म्हणता आठवडा गेला.

हल्ली त्यांचा मोबाइल टेबलावर पालथा असतो. आज खिडकीशी गेलो, तर त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "किती माणसं?"

"एकच," मी खाली बघत म्हणालो.