टाय बांधून देणारी माणसं

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये माझा तो पहिलाच हिवाळा होता. ऑफिसबाहेर मला ओळखणारं कुणी नव्हतं. सकाळच्या बसमध्ये एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. हुडी घातलेल्या विद्यार्थ्यांच्या गर्दीत त्यांच्या एकट्याच्याच गळ्यात रेशमी टाय असायचा. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, एवढंच.

एकदा ते चढले तेव्हा टाय हातात होता. बोटं सुजली होती.

"जमेल का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मला दुसऱ्याच्या गळ्यात टाय बांधता येत नाही. म्हणून मी तो आधी स्वतःच्या गळ्यात बांधला, सैल केला आणि अलगद त्यांच्या डोक्यावरून घातला. मी कॉलर सारखी करत होतो, तोवर ते डोळे मिटून बसले होते.

मग म्हणाले, "हा मुळात क्रोएशियाच्या सैनिकांचा रुमाल. लढाईला निघताना बायका गळ्यात बांधून द्यायच्या, असं म्हणतात. फ्रान्सच्या राजाला तो आवडला आणि युरोपभर फॅशन झाली. राजानं रुमाल तेवढा उचलला. बांधून देणारी गावातच राहिली."

"तुम्हाला कोण बांधून द्यायचं?"

"बायको. ती गेल्यावर आरशात बघून शिकलो."

पुढच्या आठवड्यात त्यांची सूज उतरलेली दिसली. कोटाची सगळी बटणं नीट लावलेली होती. टाय मात्र हातातच होता. मी काही न विचारता तो माझ्या गळ्यात बांधायला घेतला.