हमीदभाईच्या गाडीचा मागचा दिवा

सलीमचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत फ्लॉवरची पोती उतरवत होतो आणि माझ्या खिशात पॉलिश पेपर होता. सलीमचे वडील हमीदभाई माझे शाळासोबती, आणि पेपर त्यांच्या जुन्या अँबॅसिडरसाठी. हमीदला गिऱ्हाइकात गुंतवायचं, तेवढ्यात गाडीचा मागचा दिवा खोलायचा आणि त्याच्या खालचा रंग गुपचूप खरवडायचा, असा माझा त्या दिवसाचा बेत होता. "तात्या, अब्बा गेले. दुकानाचं शटर वर करता करताच..." खरं सांगतो, मला आधी रडू नाही आलं, राग आला. इतक्या वर्षांचं भांडण अर्ध्यात टाकून माणूस निघून जातो म्हणजे काय?

हमीदचं रंगाचं दुकान होतं. घराच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, भाभी बोलून बोलून थकल्या, पण याचा सगळा रंग गाडीला. डाळिंबी रंग. मारायचा, घासायचा, पुन्हा मारायचा. इतके थर चढले की गाडी चारी बाजूंनी वीतभर फुगली आणि शेडचं दार दोनदा रुंद करावं लागलं. चकाकी अशी, की पिंपळीला माझ्या शेतावर आली की म्हशी तिच्यात तोंड बघत उभ्या राहायच्या आणि धारेची वेळ टळायची. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

पण दिवे... पुढचे एक वेळ बरे, मागे नुसता गोंधळ. ब्रेक दाबला की ब्रेकलाईट मेणबत्तीसारखी मिणमिणायची आणि उजवा इंडिकेटर उगाच डोळा मारायचा. वळायचा विचार नुसता मनात आला तरी हॉर्न वाजायचा, असं मी गावभर सांगायचो. त्यात खोटं थोडंच होतं. आम्ही बल्ब बदलले, फ्यूज बदलले, डिकीतल्या वायरी उपसून धुण्यासारख्या दोरीवर टांगल्या. जो मेकॅनिक यायचा तो एकच सांगायचा: अर्थिंग मिळत नाही. दिव्यात गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून माघारी बॅटरीकडे जायला हवी, आणि दिवा नि पत्रा यांच्यामध्ये हमीदचा रंग ठाण मांडून. मग वीज वाट शोधत भलत्याच बल्बात घुसते. दिव्याखाली बोटभर जागा खरवडली की काम झालं.

"खरवडायचा न्हाय," हमीद म्हणायचा.

दिव्याखालचं कोण बघतंय, मी डोकं आपटून विचारायचो.

"कुणाला दिसणार न्हाय. पर मला म्हाईत हाय ना."

मग बॅटरीपासून एक सुटी वायर ओढू म्हणालो, तर म्हणाला, "ती काय आजारी हाय, सलाईन लावाय?" अशा माणसाचं काय करायचं सांगा.

त्याच्या लेकीच्या, शबानाच्या लग्नात पाठवणीला हीच गाडी इंदापूरला निघाली. मी सकाळपासून त्या दिव्यांशी झटत होतो, एक मान वर करेल तर शपथ. शेवटी हमीदने माझ्या खांद्यावर लाल टॉवेल टाकला. "मागची लाईट तू हाईस की," म्हणाला. मग काय, पुढे नवरीची गाडी, खिडकीतून हमीदचा हात बाहेर, आणि मागे स्कूटरवर टॉवेल फडकवत मी. लासुर्ण्याजवळ पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, हमीदने करकचून ब्रेक दाबला, उजव्या इंडिकेटरने डोळा मारला. मी समजलो गाडी वळतेय, आणि थेट स्कूटरसकट उसात. वाट काढत बाहेर आलो तोवर त्या उसाला तोड आली होती. हमीद खाली उतरून धावत आला तो डिकीकडे. हात फिरवून बघितला आणि मग मला विचारलं, "रंगाला लागलं न्हाय ना?"

परवा त्याचा चाळिसावा झाला. सलीमचं लग्न हमीदनेच ठरवून ठेवलंय, नवरी इंदापूरची, आणायची याच गाडीतून. माहेरी आलेली शबाना म्हणाली, "दिवे करून टाका तात्या. आता भांडायला कोण हाय?"

मी दिवे खोलले. पॉलिश पेपर अजून खिशातच होता. घासता घासता पांढरा पत्रा उघडा पडला. दिवे बसवले, आत बसून ब्रेक दाबला. "लागले," शबाना मागून म्हणाली. "दोन्ही बाजूचे. लखलखीत." इंडिकेटर गप्प. चहा निवायच्या आत सगळं झालं. एवढंसं काम होतं... मी दाराकडे वळलो, बघ, काय म्हणत होतो मी, असं म्हणायला. इतक्या वर्षांनी जिंकलो आणि हरणारा जागेवर नाही. असला संताप आला की स्टिअरिंगवर बुक्की मारली.

दिवा चपखल बसला होता. खरवडलेलं केसभरही दिसत नव्हतं. शबानाने वाकून बघितलं, तिलाही दिसलं नाही. पण मला म्हाईत होतं ना.

शेडच्या फळीवर हमीदचा डाळिंबी डबा होता, शेजारी ब्रश. दिवे परत खोलले, हात मारला, वाळू दिलं. पुन्हा बसवले, पुन्हा ब्रेक दाबला. मग शबाना हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा.

"उजवा डोळा मारतोय, तात्या. आता नवरी कशी आणायची?"

"मागं मी हाय की," म्हणालो, आणि स्कूटरमध्ये हवा भरायला निघालो.