काकांच्या पडवीतली फिल्म

मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वटी बसवतात. पोट दुखलं की वाडीतली माणसं सकाळी उपाशीपोटी त्यांच्या पडवीत येऊन आडवी होतात. बेंबीपाशी ठोका मधोमध लागला नाही तर वटी सरकली, असं काका समजतात आणि तेल लावून पोट दाबतात.

बाबांना ताप येत-जात होता. पाठ, पोट दुखत होतं. काकांनी माझा हात बाबांच्या पोटावर ठेवला. "बघ कशी उडतेय. सरकलीय ती." हाताखाली लिंबाएवढं काहीतरी ठोके देत होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चाचरत म्हटलं, वटी सरकून ताप कसा येईल, सोनोग्राफी करूया का.

"कॉलेजात जातेस म्हणून डॉक्टरीण झालीस काय गो?"

पडवीतले सगळे हसले. बाबाही हसले. काका रोज दाबत राहिले.

एका सकाळी दाबतानाच बाबा पांढरेफटक पडले. मी कुणाला न विचारता रिक्षा आणली आणि रत्नागिरी गाठली. सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी पोटात फुगली होती आणि त्या फुग्यात जंतू शिरले होते. ताप त्याचाच. डॉक्टरांनी विचारलं, पोट कुणी दाबलं होतं का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, फुगा फुटला असता तर हे इथवर पोचले नसते.

कुठले जंतू आहेत ते कळायला रक्त कल्चरला पाठवून अँटिबायोटिक्स सुरू केली. पुढे कोल्हापूरला ऑपरेशन झालं. सडका भाग कापून कृत्रिम नळी बसवली. त्यानंतरही कित्येक आठवडे औषध चालू होतं.

बाबा वाचले. घरी आल्यावर मी सीटीची फिल्म काकांच्या पडवीत, ते बसतात त्या जागेसमोरच्या खिडकीच्या गजांना बांधली. मागून उजेड आला की फुगा स्पष्ट दिसतो. काकांनी एकदा काढली, मी पुन्हा बांधली. येणारा प्रत्येक जण हे काय म्हणून विचारतो. मी सांगते. आवाज अजून कापतो, पण सगळं सांगते. माणसं उठून जातात.

"काढ ती, बाय. भाऊ आहे माझा," बाबा म्हणाले. मी नाही काढली.

परवा पडवीत कुणीच नव्हतं. काका फिल्मसमोर उभे होते.

"माझ्या बोटांखाली हेच होतं?"

"हेच."

ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. तेव्हा तरी मला वाईट वाटेल, असं वाटलं होतं. नाही वाटलं. तेलाची बाटली त्यांनी आत नेऊन ठेवली आहे. फिल्म तिथेच आहे.