साच्याचं पाणी

१९९०च्या सुमारास मी वसई पूर्वेला प्लास्टिकच्या एका लहानशा कारखान्यात माल तपासायला होते. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनायची. मशीन एकच, पाळ्या दोन. सकाळी जवळच्या जूचंद्र गावचे एक वयस्कर कारागीर, शेती सांभाळून येणारे. दुपारी एक जण, तुळिंजला राहणारा, मूळचा कोकणातला, दोन लेकरांचा बाप.

पाळी बदलली की तासभर झाकणं वाकडी निघायची. माझं तोंड तिखट. मी दुपारच्या माणसाला फाडून खायची. साचा थंड ठेवायला पाणी सोडावं लागतं, पण ते जास्त झालं की झाकणं वाकतात. पाणी कमी ठेव, असं मी त्याला शंभरदा सांगे. किती कमी, ते मला कुठे ठाऊक होतं? त्याला अंदाज येईपर्यंत पोतंभर माल वाया गेलेला असे. दोघांना एकदा चहाला समोरासमोर बसवलं, तर एक खिडकीबाहेर बघत राहिले, दुसरा कपात.

शेवटी मालक म्हणाले, दुपारची पाळी बंदच करू. म्हणजे तो घरी बसणार. त्याचा चेहरा बघवेना.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना मी मशीनपाशीच थांबले. सकाळच्या कारागिरांनी हात पुसले आणि जाता जाता पाण्याचा कॉक सताड उघडला. आपलं माप आपल्याबरोबर घरी न्यायचं, असं चाललं होतं तर. माझा पारा चढला. दुसऱ्याच्या पोटावर पाय देताय, लाज कशी वाटत नाही, असं मी सगळ्यांदेखत बोलले.

ते शांतपणे म्हणाले, "पानी कमी ठेवाचा, ह्या तुमाना मीनीच सांगितला व्हता, बाय. नाव कुनाचा झाला?"

खरंच होतं. आदल्या वर्षी ती युक्ती मी मालकांना अशी सांगितली होती, जणू मलाच सुचली. मालकांनी कौतुक केलं, ते मी हसत हसत घेतलं. त्यात कुणाचं काही हिरावलं, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. चांगलीच शरमले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाळ्यांसमोर मी मालकांना खरं काय ते सांगितलं. मालक हसले, म्हणाले, कुणी का सुचवेना, काम झालं ना. सकाळचे कारागीर मात्र खाली मान घालून ऐकत होते.

मग त्यांनी दुपारच्या माणसाला जवळ बोलावलं. त्याचा हात धरून साच्यातून येणाऱ्या पाण्याच्या नळीवर ठेवला आणि कॉक हळूहळू उघडला. "बग, येवरा थंड लागला का थांबाचा."

त्या दुपारी पहिल्यापासून झाकणं सरळ निघाली. पाळी टिकली. दोघं पुढे पाळी बदलताना एका डब्यातलं खायचे.

त्या दिवशी ते त्याला नळी दाखवत होते, तेव्हा मीही हात लावून बघायला पुढे झाले होते. कारागीर बोलायचे थांबले. रागावून नाही, नुसते थांबले, मी परत टेबलापाशी जाईपर्यंत.