दुसऱ्या रांगेतलं पाणी

ओमने पाणी मागितलं आणि टॅबलेट म्हणाला, "बकरी आली."

त्याने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा बकरी. मग त्याने मनगटाने टॅबलेट काउंटरवरून ढकलून दिला. मी तो खाली पडायच्या आत पकडला. त्याची आई, सुनंदाताई, माझ्याकडे बघत होत्या. नवीन टॅबलेट घ्यायला मीच सांगितलं होतं.

मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर कर्जतला रफिकचाचांच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून चाचा मला 'इंजिनिअर' म्हणतात. मी तसा नाही, हे त्यांना माहीत आहे.

ओम दुकानात आला त्याच्या पाच दिवस आधी चाचा माल आणायला नगरला गेले होते. दुकानात मी एकटा. सुनंदाताई जुना टॅबलेट घेऊन आल्या. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. उघडून पाहिलं, तर बोर्डावरचा चार्जिंगचा भागही जळालेला. बोर्ड म्हणजे टॅबलेटचा मेंदू. तो दुरुस्त होतो, पण किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. स्क्रीन मात्र चांगली होती.

आमच्या धंद्यात एक साधा हिशोब असतो. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला, की गिऱ्हाईकाला नवीन घ्यायला सांगायचं. मी तेच सांगितलं.

"दुरुस्त न्हाई का हुनार?" त्यांनी विचारलं.

"होईल, पण गॅरंटी नाही ताई. नवीन याच्यापेक्षा मोठा येतो. फास्ट पण असतो."

"माझ्या ओमला बोलता येत न्हाई. त्यो ह्याच्यावरच बोलतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ओम नऊ वर्षांचा. जन्मापासून हातापायांवर नीट ताबा नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. टॅबलेटच्या ॲपमध्ये त्यांच्या घरातले फोटो होते: माठ, बकरी, आजोबा, शाळेची रिक्षा. फोटोला हात लावला, की आईच्या आवाजात वाक्य ऐकू येई. माठाला लावला, की "पानी पायजे." हे सगळं त्यांनी दोन वर्षं बसून एकेक करत भरलं होतं. शेवटी माझं ऐकून त्यांनी दुकानातलाच नवीन टॅबलेट घेतला.

मी जुना बोर्ड टेबलावरच्या पॉवर सप्लायला जोडला. त्यातून बॅटरीशिवायही सेट थोडा वेळ चालतो. सगळे फोटो, सगळे आवाज काढले. जुनं ॲप नव्या टॅबलेटवर चढेना, तर त्याचीच नवीन आवृत्ती शोधून टाकली. माठ दाबून दाखवला. "पानी पायजे." ताई हसल्या. जाताना म्हणाल्या, "जुना ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

चाचांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पोरगं आलं हुतं का संगं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि आणलेला माल मांडायला घेतला. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

दुकानात ठेवून गेलेला सेट पडून राहत नाही. त्याचे चांगले पार्ट दुसऱ्याच्या कामाला येतात. काष्टीचे एक भुसार व्यापारी, बबनशेठ, यांचा त्याच मॉडेलचा टॅबलेट आमच्याकडे आला होता. त्यांच्या नातवाने स्क्रीन फोडली होती. मी ताईंच्या टॅबलेटची स्क्रीन काढून त्यांच्या टॅबलेटला बसवली. एका दिवसात दोन कामं झाली म्हणून खूशही झालो.

आणि आता ओम समोर होता, टॅबलेटकडे पाठ करून.

"तीन दिस झालं," ताई म्हणाल्या, "कशाला हात लावीना. पयल्यासारखा माझा पदर वढतो. काय पायजे ते कळंना, का मग रडतो."

चूक कळायला मला दहा मिनिटं लागली. जुन्या स्क्रीनवर एका रांगेत तीन फोटो होते, नव्यावर चार. चौथा फोटो माठाचा. तो आधी दुसऱ्या रांगेत पहिला होता, आता पहिल्या रांगेत शेवटचा झाला. त्याच्या जागी बकरी आली. पुढचे सगळेच सरकले. ओम फोटो शोधत नव्हता. त्याचा हात थरथरतो, मानही स्थिर राहत नाही. आपण अंधारात घरातलं बटण दाबतो, तसा त्याचा हात सवयीने जागेवर पडत होता.

मी प्रत्येक रांगेतलं चौथं घर रिकामं ठेवून पाहिलं. रांगा जुळल्या, पण घरांमधलं अंतर बदललेलं. ओमचा हात दोन घरांच्या मध्येच पडे. दोनदा पडला, तिसऱ्यांदा त्याने हात उचललाच नाही.

चाचा मागून बघत होते. "जुना सेट काढ."

"त्याची स्क्रीन बबनशेठच्या सेटला लावली."

"दिला का त्यांना?"

"उद्या येणार आहेत."

चाचा म्हणाले, "मग लाव फोन, इंजिनिअर."

बबनशेठचा टॅबलेट मी तपासला होता. बोर्ड चांगला, बॅटरी चांगली, आणि वर ओमच्याच टॅबलेटची स्क्रीन. म्हणजे ओमला जो हवा होता, तो टॅबलेट दुकानात तयार होता. फक्त तो दुसऱ्याचा होता. मी फोन केला.

"शेठ, तुमच्या जुन्या टॅबच्या बदल्यात नवीन घेता का?"

"का रं? काय बिघडवलंस माझ्या टॅबचं?"

"काही नाही. चालू आहे."

"चालू हाय आन् नवीन देतो? येडा समजतो का मला? चाचाला दे फोन."

चाचांनी फोन घेतला नाही. हातानेच खुणावलं, तूच बोल. मग मी अडखळत सगळं सांगितलं. पाणी, बकरी, आणि मी ताईंना दिलेला सल्लाही.

"माझ्या नातवाचं फोटू हायेत त्यात," शेठ म्हणाले.

"ते नव्यात टाकून देतो."

"एक जरी गेला, तर दुकानात येऊन बसंन. कायमचा."

ताईंचा नवीन टॅबलेट शेठनी घेतला आणि किमतीतल्या फरकाचे पैसे दिले. ते ताईंना परत केले. शेठच्या नातवाचे फोटो मी दोनदा मोजून नव्यात टाकले. मग जुन्या बोर्डाला पुन्हा पॉवर सप्लाय जोडून ॲपची मूळ फाईल काढली, शेठच्या सेटवर टाकली आणि फोटो त्याच क्रमाने भरले.

दुसऱ्या दिवशी ताई ओमला घेऊन आल्या. या वेळी मी काही दाबून दाखवलं नाही. टॅबलेट त्याच्यासमोर ठेवला आणि मागे सरकलो. तो बराच वेळ तसाच बसला. मग त्याने हात उचलला. तो हवेत दोनदा हलला आणि खाली आला.

"पानी पायजे."

चाचा उठले, जारमधून ग्लास भरून आणला. ओम थोडं प्यायला, थोडं सांडलं. परत हात ठेवला. "घरी चल." ताई म्हणाल्या, "आरं, पयलं पानी तरी पी सगळं." त्याने पुन्हा तेच दाबलं. "घरी चल. घरी चल."

आमच्या जॉबकार्डावर गिऱ्हाईकाचं नाव, मॉडेल आणि बिघाड एवढंच लिहायची जागा असते. त्याखाली मी आता पेनाने एक ओळ वाढवतो: वापरणार कोण? उत्तर समोरच्या माणसापेक्षा वेगळं आलं, तर दुरुस्ती की नवीन, ते मी लगेच सांगत नाही. वापरणाऱ्याला घेऊन यायला सांगतो. काही गिऱ्हाइकं वैतागून दुसऱ्या दुकानात जातात.